ॲक्शनचा रकाना

फर्स्ट इयरच्या ॲनाटॉमीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी बाजूला बसलेले होते. पीजी, म्हणजे पदव्युत्तरला असलं की हाडं पुढे सरकवणं, रोल नंबर पुकारणं असली कामं आपल्याकडेच येतात. एक मुलगी आली, आवाज जरा थरथरत होता पण तयारी चांगली होती तिची, उत्तरं फटाफट. दंडाच्या पुढच्या बायसेप्सचं ओरिजिन, म्हणजे तो निघतो कुठून? दोन्ही हेड सांगितली. इन्सर्शन, म्हणजे जाऊन चिकटतो कुठे? रेडियस हाडाची ट्युबरॉसिटी, आणि वर अपोन्युरोसिसची पातळ पट्टी पण आठवणीने जोडली. नर्व्ह सप्लाय? मस्क्युलोक्युटेनियस. ॲक्शन? कोपराचं फ्लेक्शन (वाकवणं) आणि सुपिनेशन (तळहात वर वळवणं). सर खूश दिसले. मग त्यांनी हाडांची पेटी एका हाताने उचलली, जरा वेळ तशीच धरली आणि सावकाश टेबलावर ठेवली. "आता ही खाली ठेवताना कुठला मसल काम करत होता?" मुलगी लगेच म्हणाली, "ट्रायसेप्स, सर." का, तर कोपर सरळ होतंय, म्हणजे एक्स्टेन्शन, आणि एक्स्टेन्शन ट्रायसेप्स करतो. सर काही बोलले नाहीत, शीटवर काहीतरी खरडलं आणि पुढचा नंबर बोलवा म्हणाले.

उत्तर चुकलं होतं, त्यात वाद नाही. पण पुस्तकातल्या तक्त्याच्या हिशोबाने ते अगदी बिनचूक होतं, आणि हेच मला दिवसभर टोचत राहिलं.

भरलेली बादली एका हाताने उचला, दुसरा हात दंडावर ठेवा आणि बादली हळूहळू खाली न्या. दंडाची पुढची बाजू दगडासारखी कडक लागते आणि मागचा ट्रायसेप्स लुळा पडलेला असतो. कोपर सरळ करायचं काम बादलीचं वजनच फुकटात करत असतं. बायसेप्स आणि त्याच्याखालचा ब्रेकिॲलिस दोघं मिळून ते काम एकदम होऊ देत नाहीत, इतकंच. म्हणजे मसल काम करतोय, जीव तोडून करतोय, पण आखूड होण्याऐवजी लांब होत होत करतोय. तक्त्यात याला जागाच नाही. तिथे बायसेप्सपुढे लिहिलंय फ्लेक्शन, विषय संपला.

हा तक्ता ज्याने पाठ केलाय त्यालाच माहितीये तो काय प्रकार असतो. चार रकाने, ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन, आणि खाली शेकड्याने नावं. फोरआर्मपर्यंत आलं की डोकं फिरतं, कारण तिथे सगळ्यांची नावं एकमेकांच्या चुलतभावांसारखी आहेत, एक लाँगस, एक ब्रेव्हिस, एक रेडियालिस, एक अल्नारिस. रात्री पुटपुटत पाठ करायचं, सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये मृतदेहावर जाऊन बघायचं आणि पुस्तकात लाल-निळं-पिवळं दिसणारं सगळं इथे एकाच तपकिरी करड्या रंगाचं आहे हे बघून परत हबकायचं. फॉर्मलिनचा वास केसांत बसतो, ग्लोव्ह्ज घातले तरी बोटांना चिकटून घरी येतो. पण ॲक्शनचा रकाना मात्र हॉलमध्ये फार पटकन पटतो. आमच्या एका सीनियरने मनगटाच्या वर एक टेंडन (मसलला हाडाशी बांधणारी दोरी) फोर्सेप्सने उचलून हळूच ओढलं होतं आणि तिकडे टेबलावर बोट मिटलं. अंगावर काटा आला होता. मग तिने तेच बोट उघडून आतलं दाखवलं: वरचा सुपरफिशिॲलिस बोटाच्या पहिल्या पेरापाशी येऊन चक्क दोन भागांत फाटतो, आणि त्या फटीतून खालचा प्रोफंडस पुढे निघून पार शेवटच्या पेरापर्यंत जातो. काही केल्या कंटाळा येत नाही ते बघायचा. पांढरीशुभ्र, चकचकीत, ओली पट्टी, तिच्या मधोमध चीर आणि त्या चिरेतून सरकणारी दुसरी पट्टी. बोटांत स्वतःचा एकही असा मसल नाही, मिटणं-उघडणं सगळं तळहातातून आणि पार कोपराजवळून चालतं, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

तेव्हा वाटलं होतं की झालं, ॲक्शन कळली. टेंडन ओढलं, बोट मिटलं, अजून काय पाहिजे.

पण त्या ओढण्याने सिद्ध काय झालं? तर बाकी सगळे गप्प असताना हा एकटा आखूड झाला तर काय होईल, एवढंच. आणि जिवंत माणसात बाकी सगळे गप्प कधीच नसतात. गंमत म्हणजे हे ज्याच्या लक्षात आलं तो माणूस स्वतः मसल एकेकटे चाळवण्यात उस्ताद होता. फ्रान्सचा डॉक्टर ड्यूशेन. त्याने विजेचे झटके देऊन माणसांचे मसल एकेक करून आकुंचित केले, शिवाय ज्यांचा एखादाच मसल लुळा पडलाय असे पेशंट वर्षानुवर्षं तपासले, आणि १८६७ साली हालचालींवर जाडजूड पुस्तक लिहिलं. आपल्या तक्त्यातल्या कितीतरी ॲक्शन तिथूनच आलेल्या आहेत. आणि तोच सांगून गेला की एकट्या मसलची अशी सुटी हालचाल निसर्गात नसते, साधा हात उचलायचा म्हटलं तरी काही मसल हलवतात, काही धरून ठेवतात आणि काही आवरतात. पुढे तक्ते बनवणाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष घेतले आणि ही तळटीप सोडून दिली. तक्त्याला तळटीप परवडत नाही बहुतेक.

पीजीला आल्यावर ॲनाटॉमीच्या जोडीने फिजिऑलॉजी नीट वाचायला लागलं, आणि तिथे उलटाच धक्का. यूजीला, म्हणजे पदवीला, आपण शिकलेलो असतो की ॲक्टिन आणि मायोसिन हे मसलमधले प्रोटीनचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि सार्कोमिअर, म्हणजे मसलचा आखडणारा सगळ्यात छोटा तुकडा, आखूड होतो. मे १९५४ मध्ये नेचरच्या एकाच अंकात हे सांगणारे दोन पेपर लागोपाठ आले, एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्केचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सनचा. दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणी लागत नाहीत, हा प्रश्न क्विझमध्ये हमखास येतो. ते चित्र इतकं सुबक आहे की डोक्यात तेच बसतं: मायोसिनची डोकी वल्ह्यासारखी पुढे येतात, ॲक्टिनला धरतात, खेचतात. आपल्याला वाटतं सगळी शक्ती त्या खेचण्यात जाते. पण सायकल नीट लिहून काढली की कळतं, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, येऊन बसतो तेव्हा मायोसिनचं डोकं ॲक्टिनवरून सुटतं. सुटतं! खेचून झाल्यावर ते चिकटलेलंच राहतं, नवीन एटीपी मिळेपर्यंत. म्हणूनच माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठ होतं, एटीपी संपलेला असतो आणि कोट्यवधी डोकी होती तिथेच अडकून बसतात. (हॉलमधला कडकपणा फॉर्मलिनचा, तो वेगळा, यात गल्लत करू नका.) शिवाय मसल सैल पडायचा तर आत सोडलेलं कॅल्शियम परत गोळा करून साठवणीत भरावं लागतं, त्या पंपालाही एटीपी लागतोच. सैल पडलेल्या हाताकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. तो आयता सैल पडलेला नसतो.

मग ए. व्ही. हिल. मसलमध्ये उष्णता कशी तयार होते यावर १९२२ चं नोबेल मिळालेला माणूस, बेडकाच्या पायाचा मसल घेऊन आयुष्यभर बसला. १९३८ सालचा त्याचा पेपर आम्हाला सेमिनारला होता, त्यातला फोर्स आणि व्हेलॉसिटीचा कर्व्ह: मसल जितक्या वेगाने आखूड होतो तितका त्याचा जोर कमी. इथपर्यंत कोणालाही पटतं. पण तोच कर्व्ह आपण उलट्या दिशेला नेला, म्हणजे मसल जोर लावत असतानाच त्याला बाहेरून ताणून लांब केलं, तर जोर वाढतो, एका जागी धरून ठेवताना असतो त्याच्या दीडपटीवरही जाऊ शकतो. आणि इंधन मात्र कमी लागतं. हे १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी असं काही दाखवलं की वाचताना हसू आलं मला. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका चेनने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पेडल पुढे मारायचे, दुसऱ्याने त्याच पेडलना विरोध करत राहायचं. दोघांचा वेग तोच, जोर तोच. पण आवरणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक केलं तेव्हा लहानखुऱ्या बाईने नुसता विरोध करत एका दणकट पुरुषाला पार दमवलं म्हणतात. मला ते दृश्य फार आवडतं, का ते सांगायला नको.

स्वस्त आहे म्हणून फुकट आहे असं नाही पण. डोंगर चढताना धाप लागते आणि उतरताना वाटतं काय मस्त, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या रडवतात. त्या उतरण्यात मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्सने प्रत्येक पावलाला लांब होत होत अख्खं वजन आवरलेलं असतं. तक्त्यात तो गुडघा सरळ करणारा, आणि इथे गुडघा वाकत असताना राबला. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुखतं हे अजून जिममध्ये छातीठोक सांगतात, पण ते तासाभरात निघून गेलेलं असतं. दुखतंय ते ताणात काम केलेल्या तंतूंमधल्या बारीक मोडतोडीमुळे आणि मागाहून येणाऱ्या सुजेमुळे. आणि लांब होताना हा जादा जोर येतो कुठून, याचं पूर्ण उत्तर १९५४ च्या त्या सुबक चित्रात बसत नाही. टायटिन नावाचं एक प्रचंड प्रोटीन आहे, सार्कोमिअरच्या टोकापासून मध्यापर्यंत पसरलेलं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं, ते स्प्रिंगसारखं यात हातभार लावतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, वाद चालू आहे. जर्नल क्लबला या विषयावर भांडणं होतात, आणि खरं सांगू, पीजीचं सुख म्हणतात ते हेच. यूजीला उत्तर होतं, इथे भांडण आहे.

याचा एक त्रास असा की रस्त्यात माणसं नीट दिसेनाशी होतात. पुढे कोणी चालत असेल तर माझी नजर कंबरेवर. एक पाय उचलला की त्या बाजूची कंबर खाली पडायला हवी, आधार गेलाय ना, पण पडत नाही, कारण टेकलेल्या पायाच्या बाजूचा कुल्ल्यातला ग्लुटिअस मीडियस पेल्व्हिस, म्हणजे कंबरेचं हाड, धरून ठेवतो. तक्त्यात तो ॲबडक्टर आहे, म्हणजे पाय बाहेर नेणारा. अहो पण दिवसभरात पाय बाहेर नेतो कोण आणि किती वेळा? तो बिचारा पावलागणिक कंबर पडू न देण्याचं काम करतोय, आणि त्यासाठी इतका जोर लावतो की एका पायावर उभं राहिल्यावर खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. तो थकला, लुळा पडला, की कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. ट्रेंडेलेनबर्गने १८९५ मध्ये हे वर्णन केलं आणि त्याचं नाव त्या झुकण्याला कायमचं चिकटलं. मला ते झुकणं आधी दिसतं, माणूस मागाहून. कधीकधी दिसतच नाही. ओळखीच्या काकू समोरून निघून गेल्या आणि मला फक्त त्यांचा उजवा खुबा आठवत होता, हे काही फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही. पळणारा कोणी दिसला की मांडीच्या मागे लक्ष, कारण हॅमस्ट्रिंग पुस्तकात गुडघा वाकवतो पण भरधाव पळताना पाय पुढे फेकला की टाच टेकायच्या आधी तो सरळ होणाऱ्या गुडघ्याला आवरतो, आणि बहुतेक वेळा तिथेच फाटतो. आवरताना.

आणि काही मसल तर दोन्ही करत नाहीत. पोटरीचं घ्या. चालताना आपल्याला वाटतं पोटरी आखूड होऊन टाच उचलते. चालत्या माणसाच्या पोटरीवर अल्ट्रासाउंड लावून बघितलं तर टाच टेकलेली असतानाच्या बऱ्याचशा वेळात तंतूंची लांबी जवळपास तेवढीच राहते, लांब होतं आणि परत आखडतं ते खालचं ॲकिलीस टेंडन. मसलने फक्त वरचं टोक घट्ट धरायचं, बाकी काम दोरीचं. १९९७ मध्ये काही संशोधकांनी टर्की पक्ष्यांना ट्रेडमिलवर पळवून त्यांच्या पायात थेट मोजलं, तिथेही सपाटीवर पळताना असंच काहीसं, जोर भरपूर आणि लांबीत बदल अगदी थोडा. टर्कीला ट्रेडमिलवर पळायला शिकवणारा माणूस कसा असेल याचा विचार मी बराच वेळ केलेला आहे. आणि त्या टेंडनबद्दल आणखी एक गोष्ट, विषयांतर आहे पण राहवत नाही. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान जे अणुस्फोट झाले त्यातून हवेत कार्बन-१४ वाढलं, आणि त्या काळात जगत असलेल्या माणसांच्या शरीरात जे जे तयार होत होतं त्यात ते गेलं. २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हेच वापरून ॲकिलीसच्या गाभ्याचं वय काढलं. साधारण सतराव्या वर्षापर्यंत तो गाभा बनतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. हाडं सतत झिजून परत बनत असतात, वर्षाला साधारण दहा टक्के, मसल बदलतात, कातडी तर विचारूच नका. आणि टाचेवर हा आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचा दोर, तोच, आयुष्यभर.

पाठीचं आणखी वेगळं. उभं राहून हळूहळू पुढे वाकायला लागलात तर मणक्यालगतचे मसल आवरायच्या कामाला लागतात, तिथपर्यंत आता आपल्याला ओळखीचं आहे. पण पूर्ण वाकून लोंबकळत राहिलात की त्यांची ईएमजी रेघ, म्हणजे मसलमधल्या विजेची नोंद, सपाट होते. चक्क बंद. सगळा भार लिगामेंट आणि बाकीच्या ताणलेल्या टिश्यूंवर सोपवून ते मोकळे होतात. हे १९५० च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हरने नीट नोंदवलं आणि ज्यांची पाठ दुखते त्यांच्यात ती रेघ पुष्कळदा सपाट होत नाही, म्हणजे त्यांचे मसल सोडायलाच तयार नसतात. लॅबमध्ये स्वतःच्या पाठीवर इलेक्ट्रोड लावून बघितलं मी. वाकले, रेघ दाट झाली, आणखी वाकले, आणि एका ठिकाणी शांत. स्क्रीनकडे बघायला मान वर केली तर परत सुरू.

ती व्हायवातली मुलगी नंतर हॉलमध्ये भेटली, डोळे लाल. म्हणाली, "ताई, पुस्तकात तर तसंच दिलंय ना." मी तिला बादलीचा प्रयोग पेटीवरच करायला लावला, मग म्हटलं आता मनगट खाली लोंबकळू दे, बोटं बघ. उघडली. आता मनगट वर घे, बोटांना काही करू नकोस. आपोआप मिटायला लागली. बोटं मिटणारे मसल इथे काहीच करत नव्हते, फक्त लांबीला कमी पडत होते म्हणून बोटं ओढली गेली. मानेला इजा होऊन ज्यांच्या बोटांतली ताकद गेलीये पण मनगट वर उचलता येतं, ते याच्यावरच वस्तू धरतात. ती बराच वेळ मनगट वर-खाली करत बसली. मग विचारलं, "मग हे ॲक्शनच्या रकान्यात लिहायचं कुठे?"

मला काही सांगता आलं नाही. तक्ता फेकून द्या म्हणणं सोपं आहे, पीजीच्या खुर्चीत बसून तर फारच सोपं. पण तो पाठ नसता तर ड्यूशेनची तळटीप मला कळली नसती, आणि सायकलवाल्या प्रयोगात इतकं मजेशीर काय आहे तेही नसतं कळलं. मी स्वतः ट्यूटोरियल घेते तेव्हा फळ्यावर तेच चार रकाने आखते. पाचवा आखायचा मोह होतो, "खरं काय करतो" असा, पण तो भरायला बसलं की एका मसलला पानभर जागा लागेल, आणि ते पान तो माणूस उभा आहे, चालतोय की वाकलाय यावर बदलत राहील. वेळ पाऊण तास आणि मसल वीस.

पुढच्या आठवड्यात खांदा आहे. तिथे आणखी एक घोळ, तोही फळ्यावर लिहावाच लागणार. हात बाजूला उचलताना पहिले पंधरा अंश सुप्रास्पायनेटस, त्यानंतर डेल्टॉइड, असं सगळ्यांच्या वहीत आहे. ईएमजी लावलं तर दोघंही सुरुवातीपासून जोडीने चालू झालेले दिसतात, आणि नर्व्ह ब्लॉक देऊन सुप्रास्पायनेटस झोपवला तरी माणूस हात उचलायला सुरुवात करू शकतो, जोर कमी पडतो इतकंच. हे मी पोरांना सांगणार आहे, ईएमजीच्या रेघा पण दाखवणार आहे. परीक्षेत मात्र पंधरा अंशच लिहा म्हणणार, कारण पेपर तपासणाऱ्याच्या हातात तोच तक्ता असतो.